सोडलं की ओढलं

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मिस्त्री पंपाच्या डोक्यावरच्या भोकात पाण्याचा चौथा तांब्या ओतत होते. भोक बोटभर रुंदीचं. त्यावरचा पितळी बोल्ट काढून त्यांनी खिशात टाकला होता. भोक काठोकाठ भरलं की ते ओतायचं थांबायचे आणि त्या पाण्याकडे बघत बसायचे. पाणी क्षणभर स्थिर राही, मग खाली सरकायला लागे. चौथ्यांदाही सरकलं.

"तळाची झडप धरत नाही," मिस्त्री म्हणाले.

ज्यांच्या घरची ही विहीर, त्या बाई मागे पायरीवर उभ्या होत्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण उभं राहण्याची पद्धत अजून वर्गातलीच होती. त्या म्हणाल्या, "हे मी रविवारी तुमच्या बायकोला सांगितलं होतं." मिस्त्रींची पाठ त्यांच्याकडे होती. त्यांनी पाचवा तांब्या भरला.

हा पंप हवा ओढू शकत नाही, फक्त पाणी ओढतो. म्हणून सुरू करण्याआधी तो आणि विहिरीत उतरलेला त्याचा पाइप पाण्याने भरून घ्यावा लागतो. भरलेलं पाणी मागे पळू नये म्हणून पाइपाच्या तळाशी झडप असते. पाणी तरीही निसटलं, तर मोटर फिरत राहते, आवाज करते, आणि वर थेंब येत नाही. या कामातले लोक तेव्हा म्हणतात, पंपाने पाणी सोडलं. उलट, भरून सुरू केल्यावर पाणी वर आलं, तर म्हणतात, पंपाने पाणी ओढलं. दोन्ही शब्द घाईत उच्चारले तर कानाला जवळजवळ सारखेच लागतात. ज्याचा कान चांगला आहे त्याला फरक कळतो.

मिस्त्रींचा कान चांगला आहे, अशी त्यांची ख्याती होती. गल्लीत त्यांना 'कानवाले मिस्त्री' म्हणत. सतरा घरांत सतरा विहिरी, सतरा पंप, आणि प्रत्येक पंपाच्या कोनाड्यात भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने लिहिलेला त्यांचा फोन नंबर. वय त्रेसष्ट. त्यांतली बावीस वर्षं पंपाच्या कारखान्यात गेली, तिथल्या तपासणीच्या शेडमध्ये. चाळीस पंप एका वेळी चालू असायचे आणि मिस्त्री त्यांच्यामधून चालत जात, नुसतं ऐकून हाताने दाखवत, हा बाद, तो बाद. पत्र्याच्या त्या शेडमध्ये कानात कापूस घालणाऱ्याला बाकीचे विचारत, "काय रे, सर्दी झाली का कानाला?" मिस्त्रींनी कापूस कधी घातला नाही. कारखान्याने त्यांना दोनदा प्रशस्तिपत्र दिलं, आणि एका वर्षी कुलूप घातलं.

उजवा कान चार वर्षांपूर्वी पूर्ण गेला. डाव्यात थोडं उरलं होतं. समोर उभं राहून बोललेलं त्यांना कळायचं, मागून बोललेलं नाही. ही गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला माहीत होती, अशी त्यांची समजूत होती. दोन वर्षांपूर्वी गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा दुकानातून त्यांनी ऐकायचं मशीन आणलं होतं. ते कपाटाच्या खणात डबीत होतं. कानवाले मिस्त्री कानात मशीन घालून दारात उभे राहिले, तर लोक काय म्हणतील, हे त्यांना न ऐकताही ऐकू येत होतं.

मग काम कसं चालायचं? फोनवर लोक फार वेगळं काही बोलत नाहीत. पाणी येत नाही, मोटर गुरगुरते, बटण पडतं, गळतंय, वास येतोय. पाच-सहा वाक्यांवर सगळा धंदा. कोण बोलतंय आणि मागच्या खेपेला काय झालं होतं, एवढं माहीत असलं की उरलेलं अंदाजाने भरता येतं. प्रत्यक्ष पंपापाशी ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला लावून मूठ दातांत धरत. आवाज हाडांतून येई. "ही जुन्या उस्तादांची पद्धत," असं ते सांगत. उस्ताद वगैरे कुणी नव्हते. कान गेल्यावर त्यांनी स्वतःच ती शोधून काढली होती.

साडेसातला मिस्त्रींनी पाइप वर घ्यायला सुरुवात केली. एकट्याचं काम नव्हतं ते. बाईंनी न विचारता दोरीचं दुसरं टोक धरलं. पाइप काठावर आला तेव्हा मिस्त्रींची नजर बाईंच्या तळव्यांवर गेली. दोन्ही हातांवर फोड होते, एक फुटलेला.

"हे काय?"

"गुरुवारपासून दोरीने काढतेय. दिवसाला तीस बादल्या. तुम्हाला काय वाटलं, पाण्यावाचून बसलो होतो?"

आतल्या खोलीत बाईंच्या सासूबाई होत्या. नव्वदीच्या पुढच्या, दोन वर्षं अंथरुणावर. दिवसातून दोनदा चादरी धुवाव्या लागत. या घरात पाणी म्हणजे प्यायचं पाणी नव्हतं, चादरींचं पाणी होतं.

झडपेच्या रबराखाली वाळूचा एक खडा अडकला होता. तांदळाच्या कणीएवढा. मिस्त्रींनी तो नखाने काढून बाईंच्या तळहातावर ठेवला.

"एवढ्यासाठी?" बाई म्हणाल्या.

"एवढाच पुरतो."

त्यांनी झडप धुतली आणि पाइप परत सोडला. या वेळी भोकात भरलेलं पाणी जागेवर थांबलं. पण पंपाच्या पोटाखाली, जिथून मोटरचा दांडा आत शिरतो, तिथे एक थेंब जमून पडला. मग दुसरा. मिस्त्रींनी बोट लावलं, वास घेतला आणि कपाळाला आठी घातली. तिथलं पाणी अडवणारं सील जळलं होतं. सील जळतं ते पंप कोरडा चालल्यावर, आणि तोही बराच वेळ.

"अजून नाही!" बाई मोठ्याने म्हणाल्या.

मिस्त्रींनी मान वर केली. "काय नाही?"

"तुम्हाला नाही. आत विचारताहेत, पाणी आलं का म्हणून. केव्हापासून ओरडताहेत."

मिस्त्री "हां" म्हणाले आणि पिशवीत सील शोधू लागले.

सील बदलायला तास गेला. हात अजून पक्के होते. चार बोल्ट त्यांनी उघडले त्याच क्रमाने ओळीने फडक्यावर मांडले, दांडा पॉलिश पेपरने घासला, नवं सील अंगठ्यांनी सारखा दाब देत बसवलं. नऊ वाजून पाच मिनिटांनी पंप परत भरला, बोल्ट लावला, बटण दाबलं. मोटर फिरली. वरच्या नळातून एक ढेकर आली, मूठभर फेसाळ पाणी आलं आणि बंद झालं. बटण बंद. परत भरणं. परत ढेकर. तीनदा हेच.

आता दुखणं उघड होतं. झडप ठीक, सील ठीक, तरी पंप कुठून तरी हवा घेत होता. विहिरीच्या काठापासून पंपापर्यंत पाइपाला सात जोड होते. त्यांतल्या एकातून, पंपाची ओढ बसली की, हवा आत जात होती. भरलेलं पाणी मात्र तिथून बाहेर येत नव्हतं, म्हणजे फट केसाएवढी. अशी फट शोधायचे दोन मार्ग आहेत. एक, जोडांना साबणाचा फेस लावायचा आणि तो कुठे आत ओढला जातो ते बघायचं. दुसरा, ऐकायचं. तिथे बारीक 'सूं' असा आवाज येतो. साबण लावणं हे नवशिक्यांचं काम, असं मिस्त्रींनी गेली एकोणीस वर्षं गल्लीभर सांगून ठेवलं होतं. "कान असताना साबण कशाला?" हे वाक्य पोरासोरांनाही पाठ होतं. आज त्यांनी साबण मागितला असता, तर बाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला असता.

म्हणून त्यांनी मोटर चालू ठेवली, स्क्रूड्रायव्हर दातांत धरला आणि पहिल्या जोडाला टोक लावलं. मग दुसऱ्या. हाडांत फक्त मोटर घुमत होती. पाइप जिथे पंपाला मिळतो त्या शेवटच्या जोडापर्यंत जाऊन ते पहिल्याला परत आले.

"काय म्हणतोय?" बाईंनी समोर येऊन विचारलं.

"सांगतो. घाई केली की चुकतं."

"मोटर कोरडी चालतेय, मिस्त्री. शनिवारी अशीच चालवली, तर वास सुटला होता."

मिस्त्रींनी बटण बंद केलं. "शनिवारी कोरडी चालवलीत? किती वेळ?"

"दीड तास. घड्याळ लावून."

"दीड तास!" मिस्त्री उभे राहिले. "बाई, शिकलेल्या तुम्ही. पाणी येत नाही दिसतंय आणि दीड तास मोटर चालवता? सील उगाच जळलं का?"

बाई शांत होत्या. चूक मुलाच्याच तोंडून वदवून घ्यायची सवय असलेल्या माणसासारख्या त्या बोलल्या. "गुरुवारी तुम्ही झडपेचं रबर बदललंत. तेव्हा वीज गेली होती. जाताना काय म्हणालात?"

"वीज आली की चालू करा. पाणी ओढलं की मला फोन करा."

"वीज शनिवारी आली. आठ चाळीसला. मी बटण दाबलं. पाच मिनिटं पाणी आलं, मग गेलं. मी फोन केला. म्हटलं, मिस्त्री, पंपाने पाणी सोडलं. तुम्ही म्हणालात, 'उत्तम. आता दीड तास बंद करू नका, पाइपातली उरलेली हवा निघून जाऊ दे.'"

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर पिशवीत ठेवला.

"मला वाटलं, हवा जायला हवी म्हणजे बरोबर असेल. मिस्त्री सांगताहेत. मी मोटरपाशी स्टूल टाकून बसले. दहा वाजून वीस मिनिटांनी बंद केली. मग तुम्हाला चार फोन केले. एकही उचलला नाहीत."

"तुम्ही ओढलं म्हणालात," मिस्त्री म्हणाले.

"सोडलं म्हणाले."

"ओढलं. मी नीट ऐकलं. फोनच्या रेंजमध्ये गडबड असेल, नाही म्हणत नाही, पण शब्द ओढलं होता."

"मिस्त्री, चौतीस वर्षं मी मुलांना शुद्धलेखन घातलं. 'ड'चा 'ढ' माझ्या तोंडून झोपेतसुद्धा होणार नाही."

मिस्त्रींनी मान फिरवली आणि दुसऱ्या जोडाची पकड आवळायला बसले. ती आवळायची काही गरज नव्हती.

शाळेत दर वर्षी वर्ग सुरू झाला की पहिल्या आठवड्यात बाई एक गोष्ट करत. एकेका मुलाला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं, पाच पावलं मागे जायचं आणि हलक्या आवाजात पाच शब्द म्हणायचे. मुलाने ते परत म्हणायचे. दोन चुकले तर घरी चिठ्ठी. अशा चिठ्ठ्यांमुळे चौतीस वर्षांत अकरा मुलं 'ढ' ठरायची वाचली होती. ती ढ नव्हती, त्यांना ऐकू येत नव्हतं.

बाई पाच पावलं मागे गेल्या. पायरीपाशी उभ्या राहून, नेहमीच्या बोलण्याहून जरा हलक्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत त्या म्हणाल्या, "ओढा. घोडा. सोडलं. वेढा. ओढलं."

मिस्त्री पकड आवळत होते.

बाई थांबल्या. मग चालत समोर आल्या आणि विहिरीच्या कठड्यावर टेकल्या. "मी पाच शब्द म्हणाले."

"कधी?"

"आत्ता."

पकड आवळणारा पाना थांबला. आतून सासूबाईंनी हाक मारली असावी, कारण बाईंनी खिडकीकडे हात करून 'थांबा' अशी खूण केली.

"किती वर्षं?" बाईंनी विचारलं.

"उजवा चार. डावा आहे थोडा."

"थोडा म्हणजे?"

"तोंडासमोर तोंड असलं की कळतं."

"फोनला तोंड नसतं, मिस्त्री."

मिस्त्रींनी पाना फडक्याने पुसला, तो स्वच्छ असूनही.

"मला सांगा कुठे ऐकायचं," बाई म्हणाल्या. "मी ऐकते."

मिस्त्रींना एकोणीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. कारण तशी वेळच आली नव्हती. ते म्हणाले, "खाली बसा. कान जोडापासून चार बोटं लांब. डोळे मिटा. डोळे उघडे असले की कान आळस करतो. मोटरचा आवाज ऐकू नका, तो जाऊ दे. त्याच्या खाली काय आहे ते ऐका."

पंप भरला, बटण दाबलं. चौसष्ट वर्षांच्या बाई हात टेकून ओल्या सिमेंटवर बसल्या आणि डोळे मिटून एकेका जोडापाशी कान नेऊ लागल्या. पहिला. दुसरा. तिसरा. सातव्याला, अगदी पंपाच्या तोंडाशी, त्यांनी बोट वर केलं.

"इथे. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी फुसफुसतं ना, तसं. पण फार बारीक."

"एकसारखं की थांबून थांबून?"

"एकसारखं."

मिस्त्रींनी खिशातल्या पेन्सिलीने तिथे खूण केली. दोन मिनिटं लागली होती. मोटर बंद करून त्यांनी तो जोड अंगठ्याने दाबला. शनिवारी दीड तास पंपातलं उरलेलं पाणी उकळत राहिलं होतं, आणि त्याने प्लास्टिकचा जोड मऊ पडून लंबगोल झाला होता. बघायला ठीक होता. स्वतःच्या अंगठ्याने हा जोड त्यांनी सकाळी सातला दाबला असता, तर तेव्हाच कळलं असतं. पण सकाळी त्यांना माहीत नव्हतं की पंप तापला होता. आणि पंप तापला होता हे माहीत नव्हतं, कारण तो त्यांनीच तापवला होता.

त्यांनी जोड कापून काढला, लोखंडी तुकडा आणला, आट्यांवर पांढरी टेप फिरवली, बसवला. अकराला पाच कमी असताना पंप भरला आणि बटण दाबलं. नळातून ढेकर आली, फेस आला, आणि मग भरून पाणी आलं. बाईंनी पहिली बादली लावली. मिस्त्रींनी हात धुतले.

"ओढलं," बाई म्हणाल्या. त्यांनी शब्द सावकाश, समोर उभं राहून उच्चारला. चेष्टा नव्हती त्यात, आणि तेच मिस्त्रींना जास्त लागलं.

"आता दुसरी गोष्ट," बाई पुढे म्हणाल्या. "गल्लीत सांगावं लागेल."

"बाई, तेवढं नको."

"उद्या कुणी फोनवर म्हणालं, मोटरला हात लावला की झटका बसतोय, आणि तुम्ही म्हणालात, उत्तम, चालू ठेवा?"

मिस्त्री नळाकडे बघत राहिले.

"सांगा ना. मग?"

"वर्षभर मुदत द्या. फोन बायको घेईल."

"तुमची बायको सकाळी आठला कामावर जाते, संध्याकाळी येते. मोटरी दिवसा बिघडतात. तुम्ही सांगता की मी सांगू?"

या बोलण्यात फाटकाची कडी वाजली. ती मिस्त्रींना ऐकू आली नाही. त्यांनी मान वळवली तेव्हा गेज समोर उभा होता.

गेज म्हणजे मिस्त्रींच्या हाताखाली नऊ वर्षं शिकलेला माणूस, आता चाळिशीला आलेला, बाजारात स्वतःचं दुकान असलेला. नाव मिस्त्रींनीच पाडलं होतं. तो खिशात दाब मोजायचा गोल काटा, म्हणजे गेज, घेऊन फिरायचा आणि ऐकण्याऐवजी तो काटा पंपाला लावायचा. सहा वर्षांपूर्वी, याच गल्लीत कोपऱ्यावरच्या घरी, गेज म्हणाला होता, "उस्ताद, बेअरिंग किणकिणतंय." मिस्त्रींना काहीच ऐकू आलं नव्हतं. चार लोकांसमोर ते म्हणाले होते, "तुला कान नाहीत. काटा घेऊन हिंड. उद्यापासून येऊ नकोस." महिन्याभरात ते बेअरिंग जाम होऊन मोटर जळाली. मिस्त्रींनी त्या घरी सांगितलं, मालच खराब होता.

"बाईंनी रविवारी फोन केला होता," गेज म्हणाला. "मी म्हटलं, गल्ली उस्तादांची, आधी त्यांना बोलवा. अकराला चक्कर टाकतो, लागलंच तर."

"नाही लागलं," मिस्त्री म्हणाले. "ओढतोय."

"दिसतंय."

गेज उजेडात उभा होता, तोंड मिस्त्रींकडे, शब्द सुटे, ओठ हलताना स्पष्ट दिसतील असे. मिस्त्रींच्या एकाएकी लक्षात आलं की हा नेहमी असाच उभा राहून बोलतो. सहा वर्षांपूर्वीही असाच उभा राहायचा. शेवटचं वर्षभर तर कधी पाठीमागून बोललाच नव्हता.

"तुला माहीत होतं," मिस्त्री म्हणाले.

"उस्ताद, नऊ वर्षं सोबत होतो मी."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"बोललो. बेअरिंग किणकिणतंय म्हणालो."

बाई बादली उचलून आत गेल्या. काही बोलणं आपल्याच अंगणात चाललं असलं तरी उभं राहून ऐकू नये, एवढं त्यांना कळत होतं.

गेजने खिशातला काटा काढला, पंपाला लावला, काट्याकडे पाहिलं आणि परत काढला. सांगण्यासारखं काही नव्हतं. काम चोख होतं.

"मलाही लावून बघ एकदा," मिस्त्री म्हणाले. "किती हवा घेतो ते कळेल."

गेज हसला नाही. "दुकानात जळलेल्या मोटरीत तांब्याच्या तारा भरायला माणूस हवाय. बोटं लागतात त्याला. बाकी काही लागत नाही. तुमच्यासारखी तार भरणारा या बाजारात दुसरा नाही."

"तुझ्या हाताखाली?"

"बाजूला. स्टूल बाजूला आहे."

"आणि माझा नंबर?"

"दुकानावर माझा आहे. फोन मीच घेतो."

मिस्त्रींनी पिशवीची चेन ओढली. मग ती परत उघडून आतून जाड काळा मार्कर काढला, जो ते पाइपावर मापं लिहायला वापरत. ते कोनाड्यातल्या भिंतीसमोर उभे राहिले. निळा नंबर तसा ताजाच दिसत होता. मार्कर फिरवायला त्यांनी हात उचलला तेव्हा बाई रिकामी बादली घेऊन बाहेर आल्या.

"गिरबटू नका," त्या म्हणाल्या, समोर येऊन. "खोडायचं तर एक सरळ रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे."

मिस्त्रींनी एक सरळ रेघ मारली.

दुपारभर ते राहिलेल्या सोळा घरी गेले. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य बोलले, "आता मला नीट ऐकू येत नाही, पंपासाठी मला फोन करू नका," आणि एक रेघ मारली. तिसऱ्या घरच्या आजोबांनी त्यांना बसवलं आणि लगेच वरच्या पट्टीत बोलायला लागले, जणू मिस्त्री शेजारच्या गल्लीत बसले होते. पाचव्या घरची सून म्हणाली, "अय्या, आम्हाला वाटायचं तुम्ही मुद्दाम दुर्लक्ष करता." आठव्या घरी कुणी काही म्हणालं नाही, पाणी विचारलं.

मिस्त्रींना खरी थप्पड बसली ती माणसांकडून नाही, भिंतींवरून. पहिला पेन्सिलीतला नंबर त्यांना दुसऱ्याच घरी दिसला, त्यांच्या निळ्या नंबराच्या बरोबर खाली. आजवर पंपाकडे बघताना त्यांनी भिंतीकडे कधी पाहिलंच नव्हतं. गेजचा. चौथ्या घरी परत. सहाव्या घरी पेनने लिहिला होता, दोनदा गिरवून. सतरा घरांपैकी नऊ घरांत तो होता. कोपऱ्यावरच्या घरी तर तारीखही होती, तीन वर्षांपूर्वीची.

"मग मला कशाला बोलवायचात?" मिस्त्रींनी तिथल्या मालकाला विचारलं.

मालक अवघडला. "बोलवायचो ना अधूनमधून. वॉशर वगैरे असलं की. तुम्हाला वाईट वाटायला नको."

चार वर्षं जी गोष्ट जिवापाड लपवली, ती अर्ध्या गल्लीला माहीत होती. आणि जी गिऱ्हाइकं वाचवण्यासाठी लपवली, त्यांतली अर्धी केव्हाच गेली होती. मिस्त्रींनी तिथेही रेघ मारली. मार्करची शाई संपत आली होती, म्हणून दोनदा फिरवावा लागला.

संध्याकाळी सहाला बायको कामावरून आली. मिस्त्री खाटेवर बसले होते, पायाशी पिशवी. त्यांनी झालं ते थोडक्यात सांगितलं. तिने ते उभ्यानेच ऐकलं.

"म्हणजे सतरा घरांवर पाणी सोडलंत," ती म्हणाली.

मिस्त्रींनी डावा कान पुढे केला. "ओढलं?"

तिला आधी कळलं नाही की ते मुद्दाम विचारताहेत. कळलं तेव्हा ती म्हणाली, "थट्टा सुचतेय तुम्हाला," आणि कपाटाकडे गेली. खण उघडून तिने डबी काढली, पुसली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. "आता काय राहिलंय झाकायला? घाला."

मिस्त्रींनी ऐकायचं मशीन डाव्या कानात घातलं, बारीक कळ फिरवली आणि वाट पाहिली. मग कळ उलट फिरवली. मशीन काढून त्यांनी ते उजेडात धरलं. पंपाचं तोंड तपासावं तसं.

"काय झालं?"

"सेल मेलाय. दोन वर्षं नुसता पडून होता."

"नवा टाका."

"सकाळी."

बायकोने पंचवीस मिनिटांत स्वयंपाक केला. जेवताना ती समोर बसली, त्यांना बोललेलं कळावं म्हणून. जेवण झाल्यावर मिस्त्रींनी आपला फोन तिच्या कामाच्या पिशवीत ठेवला. तिने तो काढून परत त्यांच्याकडे दिला नाही.

मशीनचे सेल बाजारात एकाच दुकानात मिळतात. ते दुकान सकाळी दहाला उघडतं. गेजचं साडेनऊला, आणि तिथे बसायला स्टूल होतं.